चाळीस गणितं, प्रत्येक ओळीला कारण : कामाच्या नोंदी

२ जून

आजपासून वही सुरू. बीजगणित आणि कलन (कॅल्क्युलस) या विषयांत पुन्हा पुन्हा भेटणारी चाळीस गणितं निवडायची आणि पायरी-पायरीने सोडवायची, असं काम अंगावर घेतलं आहे. सोडवलेली गणितं पुष्कळ मिळतात. पण त्यांत 'सरळरूप दिल्यावर' एवढंच लिहून तीन-तीन ओळी गाळलेल्या असतात आणि शिकणारा नेमका तिथेच अडतो. म्हणून पानावर दोन रकाने आखले. डावीकडे ओळ, उजवीकडे ती ओळ कशाच्या आधाराने आली त्याचं कारण. कारण लिहिता येत नसेल तर ती ओळ लिहायची नाही.

वाचायला भाची तयार झाली. पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे, हात चांगला चालतो, पण 'असंच करतात' या उत्तरावर तिचं समाधान होत नाही. तिची अट एकच: "मामा, मी जिथे थांबेन तिथे लाल ठिपका देणार. का थांबले ते तू शोधायचं."

खुणा ठरवल्या. अव्यक्तासाठी क्ष आणि य, फलन फ(क्ष), त्याचा अवकलज (डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा दर) फ′(क्ष), छोट्या वाढीसाठी ह, समाकलनातल्या (इंटिग्रेशनमधल्या) स्थिरांकासाठी स.

४ जून

गणित १.
३(क्ष − ४) − २(५ − क्ष) = ७क्ष + ४

कंस सोडवले:
३क्ष − १२ − १० + २क्ष = ७क्ष + ४
५क्ष − २२ = ७क्ष + ४
−२६ = २क्ष
क्ष = −१३

ताळा: डावीकडे ३ × (−१७) − २ × १८ = −५१ − ३६ = −८७. उजवीकडे −९१ + ४ = −८७. जुळलं.

पहिल्या ओळीतला +२क्ष हा या गणिताचा कळीचा मुद्दा. घाईत तिथे −२क्ष लिहिलं जातं, कारण बाहेरचा −२ कंसातल्या पहिल्या पदापर्यंतच पोचतो आणि दुसऱ्या पदाला आपलं जुनंच चिन्ह राहतं. उजव्या रकान्यात लिहिलं: '−२ ने कंसातल्या दोन्ही पदांना गुणलं; −२ × −क्ष = +२क्ष.'

तिसऱ्या ओळीपाशी मी 'बाजू बदलली, चिन्ह बदललं' असं लिहिलं होतं. तिथे पहिला लाल ठिपका आला. बरोबरच आहे तिचं. संख्या बरोबरचिन्ह ओलांडते म्हणून तिचं चिन्ह बदलावं, असं काही कारण गणितात नाही. आपण दोन्ही बाजूंतून ५क्ष वजा करतो आणि दोन्ही बाजूंतून ४ वजा करतो, एवढंच घडतं. नवव्या शतकात अल-ख्वारिझ्मीने ज्याला 'अल-जब्र' म्हटलं, म्हणजे वजा असलेलं पद दोन्ही बाजूंत मिळवून भरून काढणं, तेही याच जातीचं. त्यावरूनच 'अल्जिब्रा' हे नाव आलं. विषयाचं नावच ज्या क्रियेवरून पडलं ती आपण पाठांतराच्या एका वाक्यात गुंडाळतो, याचं मला वाईट वाटतं. कारण बदललं: 'दोन्ही बाजूंतून सारखंच वजा केलं.'

५ जून

गणितं २ ते ५ झाली. साध्या अपूर्णांकांची, कंसांची. विशेष काही नाही.

८ जून

वर्गसमीकरण. गणित ६: ३क्ष² + ५क्ष − २ = ०.

पूर्ण वर्गाच्या नेहमीच्या पद्धतीत आधी ३ ने भागतात. मग ५/३, त्याची निमपट ५/६, तिचा वर्ग २५/३६. पद्धत चूक नाही, पण अपूर्णांकांच्या त्या गर्दीत 'वर्ग पूर्ण करणं' ही मूळ कल्पनाच दिसेनाशी होते. मला श्रीधराचार्यांची रीत फार आवडते. भास्कराचार्यांनी ती त्यांच्या नावानिशी नोंदवली आहे. क्ष² च्या सहगुणकाच्या चौपटीने दोन्ही बाजूंना गुणायचं आणि मग क्ष च्या सहगुणकाचा वर्ग दोन्हीकडे मिळवायचा:

३क्ष² + ५क्ष = २
१२ ने गुणलं: ३६क्ष² + ६०क्ष = २४
२५ मिळवले: ३६क्ष² + ६०क्ष + २५ = ४९
(६क्ष + ५)² = ७²
६क्ष + ५ = ७ किंवा ६क्ष + ५ = −७
क्ष = १/३ किंवा क्ष = −२

शेवटच्या ओळीपर्यंत एकही अपूर्णांक आला नाही. संख्यांच्या जागी अक्षरं घालून (अक्ष² + बक्ष + क = ०) हीच रीत चालवली की वर्गसमीकरणाचं सूत्र तयार होतं, आणि सूत्रातला '४अक' आणि छेदातला '२अ' कुठून आले तेही डोळ्यांसमोर दिसतं. हे अक्षरांचं रूप गणित ७ म्हणून स्वतंत्र पानावर घेतलं.

भाचीने आज ठिपका दिला नाही, पण समासात लिहिलं: 'सूत्र पाच वर्षं वापरते आहे. चारने का गुणतात ते आज कळलं.'

११ जून

आजच्या एका गणितामुळे सगळ्या वहीची मांडणी बदलावी लागणार आहे.

गणित ११: √(क्ष + ७) = क्ष − ५

दोन्ही बाजूंचा वर्ग: क्ष + ७ = क्ष² − १०क्ष + २५
क्ष² − ११क्ष + १८ = ०
(क्ष − ९)(क्ष − २) = ०
क्ष = ९ किंवा क्ष = २

ताळा. क्ष = ९: √१६ = ४ आणि ९ − ५ = ४. जुळतं. क्ष = २: √९ = ३, पण २ − ५ = −३. जुळत नाही. उत्तर फक्त ९.

मी लिहिलं होतं, 'ताळा जुळत नाही म्हणून २ सोडून दिला.' त्यावर मोठा ठिपका, आणि रात्री तिचा फोन.

"प्रत्येक ओळीला तू कारण दिलंस. मला एकही ओळ चुकीची वाटली नाही. मग चुकीचं उत्तर आलं कुठून?"

प्रश्न अगदी योग्य होता. सगळ्या ओळी बरोबर आहेत. पण त्या एकाच दिशेने बरोबर आहेत. दोन संख्या समान असतील तर त्यांचे वर्ग समान असतात. वर्ग समान असले म्हणून संख्या समान असतातच असं नाही, ३ आणि −३ समोरच आहेत. म्हणजे वर्ग करताना आपण एका दारातून खाली उतरलो आणि परत वर चढताना तिथे दोन दारं निघाली. २ हे उत्तर शेजारच्या घरचं आहे, −√(क्ष + ७) = क्ष − ५ या समीकरणाचं. वर्ग केल्यावर दोन्ही घरं एकसारखीच दिसतात.

तेव्हा 'ही ओळ आधीच्या ओळीवरून आली का?' एवढं विचारून भागत नाही. 'या ओळीवरून आधीच्या ओळीवर परत जाता येतं का?' हेही प्रत्येक ठिकाणी विचारायला हवं.

तिसरा रकाना आखला, अरुंदच, बाणापुरता. परत येता येत असेल तर दुहेरी बाण ⇔. येत नसेल तर एकेरी ⇒. एकेरी बाण एकदा जरी आला तरी शेवटी ताळा घ्यायचाच. तिथे तो उत्तराचा भागच ठरतो.

१२ जून

झालेली अकराही गणितं पुन्हा काढली आणि बाण भरले. गणित १ मध्ये सगळे दुहेरी. श्रीधराचार्यांच्या रीतीतही सगळे दुहेरी, कारण वर्गमूळ घेताना 'किंवा' लिहून दोन्ही दारं उघडी ठेवली होती. बाणाचा रकाना नसता तर त्या 'किंवा'चं वजन मला इतकं स्पष्ट दिसलं नसतं.

१५ जून

बाण उलटाही मोडतो. गणित १३: (क्ष − ३)(क्ष + २) = ४(क्ष − ३).

दोन्ही बाजूंना (क्ष − ३) आहे, तो काटला की क्ष + २ = ४, म्हणून क्ष = २. ताळा जुळतो. पण ३ ही किंमत घालून पाहा: दोन्ही बाजू शून्य, म्हणजे तीही उत्तर आहे. वर्ग करताना एक उत्तर जास्तीचं आलं होतं, इथे एक गेलं. आणि गेलेलं उत्तर ताळ्यात कधीच सापडत नाही, ताळा फक्त हातातल्या उत्तरांचा होतो. म्हणून ही चूक मला जास्त घातक वाटते.

योग्य रीत म्हणजे काटायचं नाही, सगळं एका बाजूला घ्यायचं:

(क्ष − ३)(क्ष + २) − ४(क्ष − ३) = ०
(क्ष − ३)(क्ष − २) = ०
क्ष = ३ किंवा क्ष = २

उजव्या रकान्यात: 'अव्यक्त असलेल्या राशीने भागायचं तर ती राशी शून्य असतानाचं प्रकरण आधी वेगळं तपासावं.'

१६ जून

गणित १४ त्याच कुळातलं: क्ष/(क्ष − २) = २/(क्ष − २) + ३. छेदाने गुणलं: क्ष = २ + ३क्ष − ६, म्हणून क्ष = २. आणि २ घातलं की छेदच शून्य. या समीकरणाला उत्तर नाही. भाची म्हणाली, उत्तर नाही असं लिहिताना हात अडखळतो. अडखळणं स्वाभाविक आहे, पण 'उत्तर नाही' हे सिद्ध केलेलं उत्तर आहे, ते ठळक लिहावं.

१९ जून

असमानता. गणित १६: (क्ष + १)/(क्ष − २) > ३.

समीकरणाच्या सवयीने छेदाने गुणलं तर क्ष + १ > ३क्ष − ६, म्हणजे क्ष < ७/२. तपासायला क्ष = ० घेतलं: −१/२ > ३? नाही. क्ष − २ धन आहे की ऋण हेच माहीत नाही, आणि ऋण संख्येने गुणलं की असमानतेची दिशा फिरते. तेव्हा गुणायचंच नाही:

(क्ष + १)/(क्ष − २) − ३ > ०
(७ − २क्ष)/(क्ष − २) > ०

अंश आणि छेद एकाच चिन्हाचे हवेत. संख्यारेषेवर २ आणि ७/२ मांडले, तीन तुकडे झाले, प्रत्येकातून एक संख्या घेऊन चिन्ह पाहिलं. उत्तर: २ < क्ष < ७/२. बाण सगळे दुहेरी.

२० जून

एकसामयिक समीकरणं, गणित १७ आणि १८. २क्ष + ३य = १३ आणि ५क्ष − य = ७; क्ष = २, य = ३. एकच टीप: दोन समीकरणं मिळवून तिसरं तयार केलं की मूळच्यांपैकी एक सोबत ठेवावं. दोन्ही टाकून दिली तर परतीची वाट बंद होते.

२३ जून

शाब्दिक गणितं. यासाठी भास्कराचार्यांच्या ११५० च्या 'बीजगणिता'तलं वानरांचं गणित घेतलं. कळपाचा पाचवा भाग घेऊन त्यातून तीन वजा केले आणि त्याचा वर्ग केला, तेवढी वानरं गुहेत गेली. एक वानर फांदीवर दिसलं. कळपात वानरं किती?

(क्ष/५ − ३)² + १ = क्ष
क्ष²/२५ − ६क्ष/५ + १० = क्ष
क्ष² − ३०क्ष + २५० = २५क्ष
क्ष² − ५५क्ष + २५० = ०
(क्ष − ५०)(क्ष − ५) = ०

५० घातलं: १० − ३ = ७, वर्ग ४९, अधिक एक, ५०. ५ घातलं: १ − ३ = −२, वर्ग ४, अधिक एक, ५. दोन्ही समीकरणात बसतात! भास्कराचार्यांनी तरीही ५ नाकारलं. पाचातला एक, त्यातून तीन वानरं वजा कशी करणार? लोकांना ऋण संख्या पटत नाही, अशा अर्थाचं कारण त्यांनी दिलं आहे.

हे गणित मी दिवसभर मनात घोळवलं. गणित ११ मध्ये २ हे उत्तर समीकरणानेच नाकारलं होतं. इथे समीकरणाची काही तक्रार नाही, नकार गोष्टीचा आहे. म्हणजे आणखी एक बाण असतो, शब्दांपासून समीकरणापर्यंतचा, आणि तोही अनेकदा एकेरी असतो. गोष्टीतल्या अटी (वानरं वजा दोन नसतात, लांबी ऋण नसते) समीकरणात आपोआप उतरत नाहीत, त्या शेजारी लिहून ठेवाव्या लागतात. आता शाब्दिक गणिताच्या पानावर पहिली ओळ अटींचीच असेल: क्ष पूर्ण संख्या, ५ ने भाग जाणारी, आणि क्ष/५ किमान ३.

बीजगणिताची वीस गणितं इथे पूर्ण.

३० जून

कलन सुरू. सीमा. गणित २१: क्ष ३ च्या जवळ जाताना (क्ष² − ९)/(क्ष − ३) ची सीमा.

(क्ष − ३)(क्ष + ३)/(क्ष − ३) = क्ष + ३, म्हणून सीमा ६.

मला हे सोपं वाटलं होतं. पण काटलं त्याच ओळीवर ठिपका.

"१५ जूनला तू लिहिलंस की क्ष − ३ काटायचा नाही. आज काटलास. नियम कुठला खरा?"

मला याचा खरोखर आनंद झाला. पंधरा दिवसांपूर्वीचं पान तिच्या लक्षात होतं. उत्तर असं की दोन प्रश्न वेगळे आहेत. समीकरणात आपण 'क्ष कोणत्या संख्या असू शकतो' हे शोधत असतो आणि ३ हा त्यातला एक उमेदवार असतो. काटताना त्यालाच दाराबाहेर काढतो. सीमेच्या प्रश्नात क्ष ३ च्या कितीही जवळ जातो पण ३ होत नाही, ही अट व्याख्येतच आहे. म्हणून क्ष − ३ तिथे कधीच शून्य नसतो आणि काटणं शंभर टक्के वैध आहे. २.९ ला किंमत ५.९, २.९९ ला ५.९९, ३.०१ ला ६.०१. प्रत्यक्ष ३ ला फलन अस्तित्वातच नाही, आणि सीमेला त्याची गरजही नाही.

कारणाच्या रकान्यात आधी नुसतं 'समान अवयव काटला' होतं. आता: 'क्ष ≠ ३ आहे (सीमेची व्याख्या), म्हणून काटला.'

गणित २२: क्ष शून्याकडे जाताना (√(क्ष + ४) − २)/क्ष. वर-खाली √(क्ष + ४) + २ ने गुणलं, अंशात क्ष उरला, काटला, सीमा १/४. हे गुणणं सुरक्षित आहे, कारण ती राशी ४ च्या आसपास असते, शून्य होत नाही.

४ जुलै

अवकलज. व्याख्येवरून क्ष² चा अवकलज: ((क्ष + ह)² − क्ष²)/ह = २क्ष + ह, ह शून्याकडे गेला की २क्ष. इथला ह काटणं म्हणजे ३० जूनचीच पायरी. हे भाचीने न सांगता ओळखलं.

तिच्या वहीत मात्र एक वेगळी गोष्ट दिसली. ती लिहिते: फ(क्ष) = क्ष³ = ३क्ष². मनात तिला बरोबर कळलेलं असतं, हाताने 'बरोबर'चं चिन्ह 'पुढची पायरी' या अर्थाने पडतं. हे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ मध्ये वापरात आणलं, दोन समांतर सारख्या रेषा, कारण याहून सारख्या दोन गोष्टी असू शकत नाहीत असं त्याचं म्हणणं. क्ष³ आणि ३क्ष² मध्ये हे चिन्ह घातलं तर आपण एक समीकरणच लिहून बसतो, जे फक्त क्ष = ० आणि क्ष = ३ ला खरं आहे. आम्ही ठरवलं: अवकलज घेतला की नवी ओळ, आणि ओळीच्या सुरुवातीला फ′(क्ष).

७ जुलै

गुणाकाराचा नियम. दोन फलनांच्या गुणाकाराचा अवकलज म्हणजे दोघांच्या अवकलजांचा गुणाकार, हा मोह प्रत्येकाला होतो. लाइब्निट्झने १६७५ च्या नोव्हेंबरमधल्या टिपणांत हाच प्रश्न स्वतःला विचारला होता आणि उदाहरणावर तपासून ती कल्पना सोडून दिली. तपासायला क्ष × क्ष पुरेसं आहे. मोहाप्रमाणे १ × १ = १, प्रत्यक्षात २क्ष.

साखळी नियम, गणित २६: (३क्ष² + १)⁵. बाहेरच्या घाताचा अवकलज ५(३क्ष² + १)⁴, आतल्याचा ६क्ष, गुणाकार ३०क्ष(३क्ष² + १)⁴. आतला ६क्ष विसरणं ही इथली नेहमीची चूक. समीकरणासारखा ताळा इथे घेता येत नाही, म्हणून आकड्यांचा ताळा ठेवला. क्ष = १ ला उत्तर ३० × २५६ = ७६८०. आता १ आणि १.००१ या दोन ठिकाणच्या किमतींतला फरक ०.००१ ने भागला तर सुमारे ७७०७ येतात. जवळ आहे. ६क्ष विसरलं असतं तर १२८० आलं असतं आणि चूक तिथेच उघडी पडली असती. गणकयंत्रावर अर्ध्या मिनिटाचं काम आहे. अवकलनाच्या प्रत्येक पानावर हा ताळा टाकायचा.

१२ जुलै

महत्तम आणि लघुत्तम. गणित २९: −२ ते ३ या अंतरालात क्ष³ − ३क्ष ची सर्वांत मोठी किंमत.

फ′(क्ष) = ३क्ष² − ३ = ०, म्हणून क्ष = १ किंवा −१. फ(−१) = २, फ(१) = −२. इथे थांबलं तर उत्तर २. पण टोकं पाहिली: फ(−२) = −२ आणि फ(३) = १८. खरं उत्तर १८, आणि ते टोकाला आहे, जिथे अवकलज शून्य नाहीच.

बाण पुन्हा कामाला आले. अंतरालाच्या आत शिखर असेल आणि तिथे अवकलज असेल, तर तो शून्य असतो. उलट खरं नाही, क्ष³ चा अवकलज शून्याला शून्य आहे पण तिथे शिखर नाही आणि दरीही नाही. बाण एकेरी. म्हणजे फ′ = ० सोडवून मिळते ती उमेदवारांची यादी. तिच्यात टोकं मिळवायची, अवकलज नसलेले बिंदू मिळवायचे, आणि मग किमती काढून निवड करायची.

गणित ३०: बारा एकक बाजूच्या चौरस पत्र्याचे चार कोपरे कापून उघडी पेटी करायची, घनफळ जास्तीत जास्त हवं. कापलेल्या चौरसाची बाजू क्ष. घनफळ क्ष(१२ − २क्ष)². अवकलज (१२ − २क्ष)(१२ − ६क्ष), शून्य होतो क्ष = ६ किंवा २ ला. ६ घेतलं तर पत्राच उरत नाही. २ ला घनफळ २ × ६४ = १२८. भाचीने ६ च्या शेजारी लिहिलं: 'वानर'. आता वहीत हा शब्द रूढ झाला आहे. समीकरणाला चालणारं पण गोष्टीला न चालणारं उत्तर म्हणजे वानर.

१६ जुलै

लोपिताल याचा नियम. १६९६ च्या त्याच्या पुस्तकातून प्रसिद्ध झाला, शोध योहान बर्नुलीचा. ०/० किंवा अनंत/अनंत असं रूप आलं की अंश आणि छेदाचे अवकलज वेगवेगळे घेऊन सीमा पाहायची. सोयीचा आहे, म्हणूनच जपून वापरावा.

गणित ३२: क्ष अनंताकडे जाताना (क्ष + साइन क्ष)/क्ष. रूप अनंत/अनंत. अवकलज घेतले: (१ + कॉस क्ष)/१. हे ० आणि २ च्या मध्ये हेलकावत राहतं, सीमा नाही. म्हणून मूळ सीमाही नाही? आहे! क्ष ने भागलं तर १ + (साइन क्ष)/क्ष, दुसरं पद शून्याकडे जातं, सीमा १. नियम म्हणतो: अवकलजांची सीमा असेल तर मूळची तीच. नसेल तर नियमाला काही सांगायचंच नाही. एकेरी बाणाचं याहून स्वच्छ उदाहरण मला सापडलेलं नाही.

क्ष शून्याकडे जाताना (साइन क्ष)/क्ष ला मी हा नियम लावू दिला नाही. साइनचा अवकलज कॉस आहे हे सिद्ध करताना हीच सीमा लागते. जे सिद्ध करायचं त्याचाच आधार घेतल्यासारखं होतं.

२० जुलै

समाकलन. साइन क्ष × कॉस क्ष या एकाच गणिताला आज तीन उत्तरं आली. मी साइन क्ष ला नवं चल धरलं: (साइन² क्ष)/२ + स. भाचीने कॉस धरला: −(कॉस² क्ष)/२ + स. तिच्या मैत्रिणीने दुप्पट कोनाचं सूत्र लावलं: −(कॉस २क्ष)/४ + स. तिघांचीही बरोबर. पहिल्या दोन उत्तरांत १/२ चा फरक आहे, पहिल्या आणि तिसऱ्यात १/४ चा, आणि तो स मध्ये सामावतो. अवकलन करताना स्थिरांक पुसला जातो. परत येताना तो कोणता होता हे कळायला मार्ग नाही, म्हणून स लिहायचा. गुण जातील म्हणून स लिहा, असं शिकवलं जातं. त्यापेक्षा हे कारण सांगितलं तर तो विसरला जाणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

२२ जुलै

गणित ३६: −१ ते १ या सीमांत १/क्ष² चं समाकलन. प्रतिअवकलज −१/क्ष. वरची सीमा घातली −१, खालची घातली +१, वजाबाकी −२. फलन सगळीकडे धन, आणि क्षेत्रफळ ऋण! मध्ये शून्याला फलन अस्तित्वात नाही, म्हणून कलनाच्या मूलभूत प्रमेयाची (प्रतिअवकलजात सीमा घालून वजाबाकी करायची, ते) अटच पाळली गेलेली नाही. ०.१ पासून १ पर्यंत क्षेत्रफळ ९, ०.०१ पासून ९९, ०.००१ पासून ९९९. वाढतच जातं. उत्तर: हे समाकलन सांत नाही. पानाच्या वर लिहिलं: 'सीमा घालण्याआधी मधला रस्ता सलग आहे का पाहा.'

२४ जुलै

गणित ३८: ० ते २, क्ष(क्ष² + १)³. नवं चल त = क्ष² + १ धरलं; क्ष ० ते २ जातो तेव्हा त १ ते ५ जातो. उत्तर (६२५ − १)/८ = ७८. जुन्याच सीमा ठेवल्या तर २ येतं. चल बदललं की सीमा त्याच ओळीत बदलायच्या.

२७ जुलै

शेवटची दोन पानं भाचीने लिहायची असं ठरलं होतं. ३९ सरळ होतं. ४० साठी तिने स्वतः गणित शोधलं: −१ ते १, क्ष². उत्तर २/३ आहे हे लगेच दिसतं. पण तिने मुद्दाम त = क्ष² धरून पाहिलं. क्ष = −१ ला त = १, क्ष = १ ला त = १. सीमा १ ते १, म्हणून उत्तर शून्य.

"मामा, सीमा तर मी त्याच ओळीत बदलल्या."

मी काही बोललो नाही. पान तिच्याकडेच राहू दिलं. तासाभराने तिने ते परत दिलं.

तिने अंतराल दोन तुकड्यांत कापलं होतं. ० ते १ मध्ये क्ष = √त. −१ ते ० मध्ये क्ष = −√त. प्रत्येक तुकड्याचं समाकलन स्वतंत्र, दोन्हींकडून ० ते १ या सीमांत (√त)/२, म्हणजे १/३ आणि १/३. बेरीज २/३.

'त = क्ष²' या ओळीसमोर बाणाच्या रकान्यात तिने एकेरी बाण काढला होता, आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: 'परत येताना दोन दारं. ११ जून पाहा.'